हळदीकुंकवाची क्लच प्लेट

हे मला लिहायला लावलंय. सोसायटीच्या दिवाळी अंकात ज्येष्ठांचे अनुभव पाहिजेत म्हणे, आणि नात तनुजा दारात आडवी बसली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून सोडून दिली. तेव्हा चुका दिसल्या तर गप वाचा. अंक फुकट मिळालाय.

माझ्याकडे जुनी पिकअप आहे. मार्केट यार्डातून कांदे-बटाटे वाहून तिचं वय झालं. (माझंही झालं, पण मला भंगारात द्यायची भाषा अजून कोणी उघड केलेली नाही.) यंदा ती बिबवेवाडीत आमच्या पार्किंगमध्ये बसली ती बसलीच. चालू केली की काळा धूर, आणि गिअर पडेना.

मुलगा दिग्विजय म्हणाला, "बाबा, रविवारी संध्याकाळी नवी कार येतेय. तोपर्यंत ही जागची हलली तर ठेवा, मी तिला दुसरी जागा बघतो. नाही तर भंगारवाल्याला बोलावलंय."

गाडी गेली तर मी दिवसभर करणार काय? आमच्या हिनं, म्हणजे मैनानं, उत्तर तयार ठेवलं होतं.

"लसूण सोला."

मेकॅनिक उत्तरेश्वरला बोलावलं. त्यानं इंजिन खोललं, क्लच काढला आणि कपाळाला तेलाचा हात लावला.

"काका, पिस्टनच्या रिंगा गेल्या, हेड गॅस्केट गेलं, क्लच प्लेट तर पार घासून गेली. सामान मी आणतो नाना पेठेतून."

"मी आणतो," मी म्हणालो.

मेकॅनिक सामान घेतो तेव्हा दुकानदार त्याचं कमिशन बाजूला ठेवतो, हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे. उत्तरेश्वरला तर जास्तच माहीत आहे. तो एवढंच म्हणाला, "मग जुनी प्लेट नमुन्याला घेऊन जावा. नमुना दाखवल्याबिगर घेऊ नका." आणि तेलानं काळी झालेली प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी ती नेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. (इथंच पहिली चूक झाली, असं घरचे म्हणतात. मी मोजत बसत नाही.)

सकाळी ओट्यावर प्लेट नाही. घरात वस्तू कुठं आहे हे विचारायची माझी पद्धत नाही. शोधली, तर देवघराशेजारच्या फळीवर सापडली. स्वच्छ पुसलेली, वर हळदीकुंकू.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ही गॅस सिलिंडरला हळदीकुंकू लावते, मिक्सरला लावते, दिग्विजयच्या लॅपटॉपलाही लावलं होतं. (तो नंतर दुरुस्तीला गेला, ते वेगळं.) म्हटलं, गाडीचं चांगलं काम निघालंय म्हणून घासून पुसून लावलं असेल. मनातल्या मनात बायकोचं कौतुक केलं. ते मी परत घेतलंय.

नाना पेठेत रावसाहेब बेंद्र्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी पिकअपच्या रिंगा मागितल्या.

"स्टँडर्ड का ओव्हरसाइज?"

"मोठ्या द्या. लहान कोण घेतं?"

नशिबानं उत्तरेश्वरला मोठ्याच हव्या होत्या. त्यामुळे माझा हुरूप वाढला. गॅस्केटही बरोबर मिळालं. मग मी पिशवीतून नमुना काढला. रावसाहेबांनी चष्मा पुसला.

"पूजा कधी केलीत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"ही पिकअपची नाही. तीनचाकी टेम्पोची आहे."

"गाडी कुणाची?"

"तुमची."

"चालवतो कोण?"

"तुम्हीच."

"मग?"

"मग न्या," रावसाहेब म्हणाले, आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे वळले. "मी नको म्हणालो होतो, हे तुम्ही दोघांनी ऐकलंत ना? बसवलेला माल परत घेत नाही."

रविवारी सकाळी इंजिन बांधून झालं. उत्तरेश्वर गाडीखाली झोपून प्लेट बसवत होता. बराच वेळ हातोडीचा आवाज आला, मग बंद झाला.

"काका, ही बसंना. ही तीनचाकीची हाय."

"फसवलं मला," मी म्हणालो, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं. तेवढ्यात वरून गॅलरीतून हिचा आवाज आला.

"अहो, फळीवरची खंडेनवमीची प्लेट तुम्ही घेतलीत का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी पूर्वी तीनचाकी टेम्पो चालवायचो. तो विकला, पण त्याची एक प्लेट हिनं ठेवून घेतली. दरवर्षी खंडेनवमीला पाना, पक्कड आणि ती प्लेट अशी पूजा होते.

"आणि तेलकट प्लेट कुठंय?"

"इथं गॅलरीत. ओट्यावर ठेवायची वस्तू आहे का ती?"

रविवार. नाना पेठ बंद. भंगारवाला हातगाडी घेऊन फाटकाशी येऊन बसला होता आणि माझ्या गाडीच्या टायरकडे प्रेमानं बघत होता. मी खरी प्लेट उचलली, रिक्षा केली. ही न विचारता शेजारी बसली.

दुकानाच्या शटरवर पाटी होती : "रविवारी बंद. मालक वरच राहतात, पण हाक मारू नये."

मी हाक मारली. खिडकीत बनियन दिसला.

"पाटी वाचता येत नाही?"

"चौथीपर्यंतची येते."

"काय हवंय?"

मी प्लेट उंच धरली.

"चुकलं म्हणा. खाली येतो."

मी समोरच्या इमारतीकडे बघत उभा राहिलो. इमारत चांगली होती. शेवटी हिनंच पदर सावरून वर पाहिलं.

"यांचं चुकलं. लग्नापासून चुकतंय. आपण या खाली."

रावसाहेब किल्ली घेऊन लगेच आले. बाईमाणसाला उन्हात उभं करणं बरं दिसत नाही म्हणाले. मीही उन्हातच होतो.

नवी कार यायच्या आत पिकअप चालू झाली. धूर नाही, गिअर लोण्यासारखा. दिग्विजयनं मुकाट्यानं तिला मागच्या बाजूला जागा करून दिली. भंगारवाला एवढा वेळ बसला, रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून हिनं ठोकून वाकडी झालेली तीनचाकीची कोरी प्लेट त्याला देऊन टाकली, वर चहा.

आता सोसायटीत सगळे म्हणतात, मी हिची माफी मागावी, उत्तरेश्वरची मागावी. मागणार नाही. उलट एकानं माझीच माफी मागायची राहिलीय. बायको, पोरगा, मेकॅनिक, आजवर एकानंही माझं ऐकलेलं नाही, आणि त्यामुळेच संसार धड चाललाय, हे मला मान्य आहे. समोर धडधडीत चूक दिसत असताना ज्यानं माझं ऐकलं असा माणूस मला जन्मात एकच भेटला. रावसाहेब बेंद्रे, नाना पेठ.