झाकण उघडण्याची सुरक्षित पद्धत

शनिवारी सकाळी कावासाकीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढील गोष्टी होत्या : अठरा लिटर बिअर भरलेलं स्टीलचं एक पिंप, कार्बन डायऑक्साइडचा एक सिलिंडर, साठ ग्रॅम हॉप्स, बिअरमधला ऑक्सिजन मोजणारं एक उसनं मीटर आणि तीन माणसं. पैकी दोघे इंजिनिअर होते. तिसरी चैत्राली, तिला तिचं स्वयंपाकघर परत हवं होतं.

बिअर तिच्या नवऱ्याने, नचिकेतने, घरीच केलेली. अल्कोहोल एक टक्क्याच्या आत, कारण इथला कायदा घरी तेवढंच करू देतो. आता सुगंधासाठी हॉप्सच्या वाळक्या फुलांची पुरचुंडी पिंपात सोडायची होती. काम अर्ध्या मिनिटाचं. पण तेवढ्यात हवा आत शिरली, की बिअरला भिजक्या पुठ्ठ्याची चव येते. गेल्या वर्षी इमारतीच्या जत्रेत ती आली होती. रहिवासी संघाचे अध्यक्ष मोरियामा-सान एक घोट घेऊन म्हणाले होते, "दुर्मीळ चव आहे." जपानात याहून जहरी शिवी नचिकेतने ऐकली नव्हती. जत्रा उद्यावर आली होती. यंदाही पुठ्ठा निघाला, तर त्याचा स्टॉल चौथ्या मजल्यावरच्या रताळीवाल्यांना जाणार होता.

म्हणून त्याने ऑफिसच्या गुणवत्ता विभागातल्या गुणवंतरावांना बोलावलं.

"वायू हळू सोडत ठेवायचा, झाकण उचलायचं, पुरचुंडी टाकायची, झाकण लावायचं. वर राहिलेली हवा वायूनेच हुसकायची," नचिकेतने सांगितलं. "झालं."

"झालं कसं? इथला आगगाडीचा चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने 'योश्', म्हणजे 'ठीक', म्हणतो ना, तसं प्रत्येक टप्प्याला म्हणायला हवं. झाकण, योश्!"

नचिकेतने बोट रोखलं आणि तोंड उघडलं.

"थांब! उच्छ्वासात सोळा टक्के ऑक्सिजन असतो!"

"मग म्हणू कसा?"

"म्हणणारा माणूस वेगळा नेमू."

चैत्रालीची नेमणूक गच्चीत झाली. दार बंद करण्यात आलं.

"अरे, इथून मला झाकण दिसतच नाहीये!"

"दिसायची गरज नाही गं, म्हणायची आहे!"

"झाकण, योश्!" चैत्राली ओरडली. समोरच्या गच्चीत गादी वाळत घालणाऱ्या आजीबाईंनी अदबीने वाकून "योश्!" म्हटलं.

श्वास रोखून नचिकेतने पुरचुंडी सोडली, झाकण लावलं, वरची हवा हुसकली, आणि मग खाली बसला. आता फक्त खात्री उरली होती.

मीटरला दर वेळी अर्धा लिटर बिअर लागे. तपासलेली बिअर हवेला शिवलेली असल्यामुळे सिंकमध्ये ओतली जाई. पहिला आकडा उत्तम आला.

"एका आकड्यावर विश्वास ठेवायला आपण काय ज्योतिषी आहोत?" गुणवंतराव म्हणाले. "लागोपाठ तीस नमुने. त्याहून कमी म्हणजे नुसत्या गप्पा."

तेविसाव्या नमुन्यात आकडा किंचित वर गेला. नळीत बुडबुडा होता. नियमाप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. नव्या मोजणीच्या तेराव्या नमुन्यानंतर नळ फुस्स झाला.

"आणि उद्या लोकांना काय पाजणार?" चैत्रालीने दारातून विचारलं.

गुणवंतराव मीटर पुसत होते. "वहिनी, पद्धत निर्दोष ठरली आहे. या टप्प्यावर बिअरचा मुद्दा काढू नका."

स्टॉल वाचवायचा तर पिंप न्यायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी नचिकेतने ते जत्रेत नेलं, आणि सगळे आकडे एका पुठ्ठ्यावर चिकटवून समोर लावले. मोरियामा-सान यांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि कागदी पेला पुढे केला. नचिकेतने डोळे मिटून नळ दाबला. फुस्स. हॉप्सचा सुगंध दरवळला.

अध्यक्षांनी पेल्यात पाहिलं. मग आकड्यांकडे पाहिलं. पेला ओठांना लावला.

"पुठ्ठा बिलकुल नाही," ते म्हणाले आणि कमरेतून वाकले.

मागच्यांनी तेच केलं. टोकियोतल्या भारतीय वस्तीतून, निशी-कसाईहून, खास आलेली आपली मराठी मंडळी तर दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली.

"जरा हलकी आहे," एक जण दुसऱ्याला सांगत होता, "पण ही चव कळायला जीभ तयार लागते."

"मला कळली," दुसरा घाईने म्हणाला.

संध्याकाळी परत आलेले पेले : एकशे बारा. तक्रारी : शून्य.