मी शांत झालो आणि बाजार बसला

काळजी करण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नव्हता. हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. इतर लोक काळजी करत ती फावल्या वेळात, हौसेखातर. मी ती धंद्यासारखी करत असे. पहाटे डोळे उघडायच्या आधी दुकान उघडायचं आणि रात्री झोपेतही चालू ठेवायचं!

त्या दिवसांत काळजीला माल भरपूर होता. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली, आणि कापसाला असा भाव आला की बायकोच्या पायात नसेल एवढी चांदी काही लोकांनी बैलांच्या शिंगांना लावली. अमेरिका नक्की कुठे आहे हे अमरावतीच्या बाजारात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे एक शेतकरी नत्थुजी ती तिवस्याच्या पलीकडे, नागपूरच्या अंगाला असावी असं धरून चालत. एक मात्र सगळ्यांना पक्कं माहीत होतं. लढाई आहे तोवर भाव आहे. म्हणून भली भली माणसं अंबादेवीला नारळ फोडून मागणं मागत, की माते, त्या लढणाऱ्या दोघांचं पटू देऊ नकोस.

माझी आडत होती. शेतकरी बैलबंड्या भरून कापूस आणत, माझ्या अंगणात उतरवत, आणि मी तो व्यापाऱ्याला विकून देत असे. कापूस एकाचा, घेणार दुसरा. माझी स्वतःची अशी त्यात फक्त काळजी.

पण बाजारात तिची किंमत होती. शेजारचे आडते चंद्रभानजी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी माझ्या ओट्यासमोरून जात. मी नखं खात बसलेलो दिसलो की त्यांचा चेहरा फुलायचा.

"सब ठीक हाये!" ते मागून येणाऱ्यांना सांगत. "शालिकरामजी भाव पडाच्या भीतीनं नखं खाऊन राहिले. म्हनजे भाव अजून पडला नाई!"

घरी मात्र या कलेची कदर नव्हती.

"काल राती तुमी मले काहून उठवलं?" पार्बताबाईने, म्हणजे आमच्या घरच्यांनी, एका सकाळी भाकर थापता थापता विचारलं.

"लढाई संपली असंन का, येवढंच इचारलं."

"मले इचारलं! मी का लढून राहिली तिथं?"

"तसं नाई वं..."

"परवा उठवलं, कापसाले आग लागली का म्हनून. त्याच्या आंधी उठवलं, पानी येते का म्हनून. बाहेर चांदनं पडलं होतं टिप्पूर!" तिने भाकर तव्यावर अशी टाकली की तव्यालाच दुखलं असावं. "आता ऐकून ठेवा. संक्रांतीपर्यंत तुमचं डोस्कं ठिकान्यावर आलं त बरं. नाई त मी चालली तिवस्याले."

तिवसा तिचं माहेर. पार्बताबाई धमकी कधी देत नसे. उद्या बाजारातून मीठ आणायचं आहे, हे जसं सांगावं तसं ती पुढचं सांगून ठेवत असे, आणि मीठ दुसऱ्या दिवशी येत असे. ती गेली तर रात्री मी उठवणार कोणाला?

मी ठरवलं. संक्रांतीच्या आत काळजीचा निकाल लावायचा! जो माणूस एवढी मोठी काळजी एकट्याने उभी करू शकतो, त्याला ती पाडणं काय कठीण?

अमरावतीच्या वैद्याकडे गेलो असतो तर दुपारपर्यंत बाजारभर झालं असतं. म्हणून कोणाला न सांगता दमणी जुंपली आणि अकोला गाठलं. तिथे भगवंतराव वैद्य होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि शेवटी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"तुमाले रोग काई नाई," ते म्हणाले. "तुमाले बाजार झाला हाये."

"उपाय?"

"पहाटे उठून गावाबाहेर चालत जा. जेवाचं ते बसून, आन् घास पिठावानी बारीक होयेस्तोवर चावाचा. जीव घाबरला का पोटातून लांब श्वास घ्या, धरून ठेवा, हळू सोडा. डोक्याले आन् तळपायाले तिळाचं तेल. दिवे लागल्यावर बाजारातली बातमी कानावर घेऊ नोका. लवकर झोपा."

"आन् नखं?"

"नखं कापाची असतात जी."

हे मला नवीन होतं. मी घरी आलो आणि सगळं सुरू केलं. सांगायला लाज वाटते, पण गुण आला! पहाटेची थंड हवा, टाळूला तेल, सावकाश घास. थोड्याच दिवसांत मी ओट्यावर असा बसू लागलो, जसा दूध पिऊन मांजर बसतं.

चंद्रभानजी नेहमीप्रमाणे आले आणि मला पाहून थबकले.

"तब्येत?"

"उत्तम."

"नखं?"

"कापली."

त्यांचा चेहरा एकदम पांढरा फटक पडला. माझ्या अंगणातला कापूस त्यापेक्षा मळका होता.

आता बाजाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मुंबईची डाक अकोल्यावरून येते. हा गृहस्थ गुपचूप अकोल्याला जातो. परत येतो तो शांत! वर रोज पहाटे वेशीबाहेर बडनेऱ्याच्या वाटेला लागतो, जिकडून डाकेचा हरकारा घुंगरू वाजवत येतो.

"शालिकरामजी, इतक्या पहाटे कुठी?" वेशीवर भाजीची टोपली उतरवत माळ्याच्या मैनाबाईने विचारलं.

वैद्याचं नाव घेतलं असतं तर अब्रू गेली असती. "हवा खायले," मी म्हणालो.

अमरावतीत तेव्हा हवा कोणी खात नसे. खायला बाकी पुष्कळ होतं. मैनाबाईने वांग्यांबरोबर ही बातमी घरोघर पोचवली.

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि चंद्रभानजी अंदाज घ्यायला आले. "काय जी, अमेरिकेची काई..."

मी दोन्ही कान झाकून घेतले. "बातमी नोको!"

चंद्रभानजी पाय न वाजवता मागे सरकत गेले. रस्त्यावर पोचल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, "याले आंधीच समदं मालूम हाये!"

भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या सकाळी, नत्थुजी कापसाच्या बंड्या घेऊन आले. नत्थुजी म्हणजे सरळ माणूस. दोन साल कापूस राखून ठेवलेला, तो विकून शेतात विहीर खोदायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. बाजारातली कुजबुज त्यांच्या कानी गेली होती.

"शालिकरामजी, इकू का ठेवू?"

आता झालं असं, की कुजबुज माझ्याही कानी आली होती आणि जीव घाबरला होता. दाराच्या चौकटीत पार्बताबाई उभी होती. तिच्या मागे कोपऱ्यात गाठोडं बांधून ठेवलेलं दिसत होतं. म्हणून मी वैद्याने सांगितल्याप्रमाणे पोटातून श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"बोला ना जी! इकू का ठेवू?"

धरलेला श्वास मध्येच सोडता येत नाही. मी नियमाप्रमाणे तो हळू, लांब, खोल सोडला. डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा नत्थुजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"समजलो जी," ते म्हणाले. "येवढा मोठा उसासा टाकला तुमी. अजून काय सांगाचं राहिलं?" आणि बैलांची शेपटी पिरगाळत ते गेलेसुद्धा!

मी हाक मारणार होतो. पण पार्बताबाईने पान वाढलं होतं आणि ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. उठलो असतो तर तिवसा! बसलो. भोगीची भाजी, तिळाची भाकर. घास घेतला आणि चावू लागलो.

दारात सावली पडली. चंद्रभानजी. त्यांच्या मागे पाच-पंचवीस पागोटी. सगळे माझ्या जबड्याकडे पाहत होते.

"पाहा, पाहा! कसा चावून राहिला!" चंद्रभानजी दबक्या आवाजात म्हणाले. "ज्याच्या अंगनात कापूस पडला हाये, तो मानूस असा चावन का?"

"अजून गिळला नाई जी!"

"यानं इकून टाकला! संपली लढाई!"

एवढं म्हणायचा अवकाश, दार रिकामं झालं. मग जो आवाज उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता. बंड्यांवर बंड्या चढल्या. ज्यांनी कापूस आणला होता ते विकायला धावले, ज्यांनी सकाळी विकत घेतला होता ते परत द्यायला धावले. एकाने तर घाईत बैलासकट बंडी विकली आणि घरी जायला दुसऱ्याची मागितली. भाव सकाळी घोड्यावर होता, जेवणवेळेला बैलावर आला, आणि माझा दुसरा घास संपेपर्यंत पायी चालू लागला होता.

आणि त्या गर्दीत नत्थुजी आपली विहीर विकत होते.

मी चावत होतो. घास पिठाइतका बारीक झाला, पिठाहून बारीक झाला, पण खाली उतरेना. एका बाजूला नत्थुजी, दुसऱ्या बाजूला गाठोडं.

मी उठलो. उष्ट्या हाताने, अनवाणी, कपाळावरून तिळाचं तेल ओघळतंय, असा धावत सुटलो!

"इकू नोका! नत्थुजी, इकू नोका! मले काईच मालूम नाई! मी त वैद्याकडे गेलो होतो!"

शब्द कोणी ऐकले असतील तर शपथ. पण नत्थुजींचा हात व्यापाऱ्याच्या हातात जाता जाता थांबला, आणि सगळा बाजार माझ्या तोंडाकडे वळला. माझी बोटं सवयीने तोंडात गेली होती. नखं नव्हतीच, म्हणून मी नुसती बोटंच खात होतो.

"थांबा!" चंद्रभानजी बंडीवर चढून ओरडले. "पाहा त्याच्याकडे! शालिकरामजी घाबरले!"

"खरंच घाबरले?"

"निरा घामाघूम झाले! भाव हाये बाप्पा, भाव हाये!"

तो घाम नव्हता, तेल होतं. पण त्या वेळी खुलासा करणं मला बरं दिसलं नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. घाबरलेल्या माणसाची मिरवणूक निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही. भाव उठून पुन्हा घोड्यावर बसला, नत्थुजींनी त्या भावाला कापूस विकला आणि त्यांची विहीर वाचली.

खांद्यावरून उतरून घरी आलो तर दारात दमणी जुंपलेली. गाठोडं आत. गाठोड्यावर पार्बताबाई.

"चालली?" मी विचारलं. संक्रांत उद्या होती, पण ते काढण्यात अर्थ नव्हता.

"हाव."

"आज घाबरलो, हे खरं हाये. पन त्याच्या आंधी किती दिवस शांत होतो मी! तू पाहिलं ना?"

"पाह्यलं ना!" ती एकदम उसळली. "दुसरं काय केलं मी? तुमी शांत झाले तवापासून माह्या डोयाले डोया लागला नाई! कन्हत नाई, कुशी बदलत नाई, उठवत नाई. मी रातभर तुमच्या नाकाजवय हात धरून पाहो, मानूस हाये का गेला! गावातल्या बाया म्हनत, अकोल्याले वैद्याकडंच गेले असतीन, त्यानं आशा सोडली असंन, आन् हे तुले सांगून नाई राहिले. मले शांत नवरा पायजे होता. मुर्दा मांगतला होता का मी?"

"मंग तिवस्याले..."

"झोपाले चालली होती. एक रात."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे तांबडे लाल. इतक्या दिवसांत मी रोज हवा खाल्ली, घास मोजून चावले, पण तिच्या तोंडाकडे पाहायचं वैद्याने सांगितलं नव्हतं.

"आता कसं करू?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "काळजी दुकानात करत जा. पोटभर करा. घरी आल्यावर पायरीवर पाय धुता ना, तवा तिथंच सोडून येत जा. घरात जेवा, चावा, झोपा." दमणीतून उतरता उतरता तिने जोडलं, "झोपेत जराकसं कन्हत जा मात्र. म्हनजे मले समजन."

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं. दिवसा मी ओट्यावर मन लावून काळजी करी, बाजार खूश. संध्याकाळी पाय धुई, पार्बताबाई खूश. रात्री नेमाने दोनदा कण्हे. भगवंतराव वैद्यांना मी निरोप पाठवला की तुमचा उपाय लागू पडला, फक्त अर्धा दिवसच घ्यावा लागतो.

मग वैशाखात एका पहाटे मी बडनेऱ्याच्या वाटेवर हवा खात असताना डाक आली. लढाई संपली होती. खरीच.

मी वेशीतून बाजारापर्यंत एका दमात धावलो. "संपली! लढाई संपली! असंन नसंन ते इकून टाका!"

चंद्रभानजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. तोवर माझी नखं चांगली वाढली होती आणि मी ती खात होतो.

"काई नाई," ते लोकांकडे वळून म्हणाले. "शालिकरामजी घाबरून राहिले. भाव मजबूत हाये!" आणि बाजारात उरलासुरला होता तेवढा कापूस त्यांनी हसत हसत विकत घेतला.

मी घरी आलो. पार्बताबाई पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती.

"आज काळजी घेऊनच चढले वाट्टे?"

"लढाई संपली वं."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. "बरं झालं माय! कोनाकोनाची लेकरं घरी आली असतीन."

इतक्या वर्षांत अख्ख्या बाजारात हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी पाय धुतले.

"बसा आता. हळू चावा."

मी बसलो. हळू चावलं. बाहेर चंद्रभानजी भाव टिकल्याच्या आनंदात जिलेबी वाटत होते. आमच्याकडेही एक द्रोण आला. परत कसा पाठवणार? खाल्ली. गरम होती.