हिरवा गुडघा

इन्शिराहला कमरेखाली बधिर केलं होतं, पण डोकं जागं होतं आणि त्यात एकच धास्ती घोळत होती. गुडघा राहतो की जातो?

गाठ गुडघ्याखालच्या हाडात होती. आदल्या दिवशी शिरेतून दिलेलं औषध गाठीत मुरून बसलं होतं. आता अंधार केला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाठ तेवढी हिरवी चमकणार होती. "हिरवं खरवडायचं, बाकी तुमचं तुम्हाला परत," असं डॉ. वगदींनी समजावलं होतं. "पण हिरवं सांध्यात शिरलेलं दिसलं, तर गुडघा काढावा लागेल, इन्शिराहबाई."

नवरा बयूमी दाराबाहेर होता. तांता शहरातल्या निम्म्या लग्नांचे मांडव आणि दिवे त्याचेच. मनाने सोन्यासारखा माणूस, पण स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"दिवे घालवा," डॉक्टर म्हणाले.

दाराखालची उजेडाची फट विझली आणि बयूमी ताडकन उठला. उन्हाळ्यात तांतात वीज रोजच जायची, पण आज तिने मुहूर्त तरी काय साधला!

"लाइट गेली! माझी बायको आत चिरून ठेवलीय!" असं ओरडत तो अंगणातल्या व्हॅनकडे धावला. जनरेटर सुरू केला, वायर ओढत आणली आणि वरातीचा भलामोठा हॅलोजन दाराच्या काचेला भिडवला. काचेवर आतून जाड काळा पडदा होता. नर्स आडवी आली.

"बाजूला हो बाई! अंधारात भलताच पाय कापतील!"

आत डॉक्टर खुशीत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका लहानसाच होता. "सांधा अगदी स्वच्छ आहे हं," ते म्हणाले, आणि तेवढ्यात सांधा हिरवा झाला. दारावरच्या काळ्या पडद्याने दिव्याचा दिसणारा उजेड अडवला होता, पण न दिसणारा उजेड आरपार आला होता, आणि कॅमेरा नेमका तोच हिरवा दाखवतो.

डॉक्टरांचा आवाज पडला. "बाई, गुडघा... वाचेल असं वाटत नाही."

इन्शिराहच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाहेर बयूमीने दुसरा हॅलोजन लावला. आता मांडीही हिरवीगार झाली.

"अरे देवा, हे तर वाढतंय!"

डोळे पुसावेत तर हात बांधलेले. इन्शिराहने मान वळवून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. "डॉक्टर, चादरसुद्धा हिरवी दिसतेय. तिलाही गाठ झाली का? आणि तुमच्या हातमोज्यांना?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या आपल्या हिरव्या हातमोज्यांकडे पाहिलं. तोच बाहेरून हाक आली, "डॉक्टरसाहेब, नीट दिसतंय ना? की तिसरा लावू?"

"विझव ते, गाढवा!" डॉक्टर जन्मात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

दिवे विझले. सांधा पुन्हा स्वच्छ दिसू लागला. डॉक्टरांनी हिरवं होतं तेवढं कणाकणाने खरवडून काढलं, पोकळी भरली आणि घाम पुसून घेतला. बाहेर बयूमी भेटेल त्याला सांगत होता, "मी होतो म्हणून निभावलं! नाहीतर डॉक्टर काय चाचपडत बसला असता!"

आतपर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, गुडघा माझा राहिला ना नक्की?" इन्शिराहने विचारलं.

"राहिला. दोन-तीन महिन्यांत चालाल."

"चालण्याची घाई नाही. लाथ कधी मारता येईल?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "त्याचा व्यायाम आपण आधी सुरू करू," ते म्हणाले.