टाचण्या आणि तरंगता डबा

शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या मास्तरीणबाईंच्या टेबलावर त्या सकाळी कापड नव्हते. तेथे हातभर लांबीचा रूळ होता आणि त्याला न टेकता, बोटभर उंचीवर तरंगणारा एक डबा होता. धाकट्या लेकीने दोन वर्षे खपून तयार केलेली ही चुंबकी रेल्वेची प्रतिकृती. अकरा वाजता परीक्षकांसमोर तो डबा न अडखळता या टोकाहून त्या टोकाला गेला, तरच तिला खऱ्या चाचणीमार्गावर काम मिळणार होते.

"या घरातली वस्तू उघडीबोडकी बाहेर जायची नाही," असे बजावून बाईंनी निळ्या मखमलीचे आवरण बेतायला घेतले आणि सवयीने टाचण्यांची डबी हाताशी ठेवली.

लेक आंघोळ करून आली, तेव्हा डबी रिकामी होती आणि डब्याचे साळिंदर झाले होते.

"आई, हे काय केलंस?"

"मी कुठे केलं? त्या आपणहून गेल्या."

टाचण्या खरवडायला कात्री पुढे केली, तर तीही चिकटली. तिला सोडवायला दोघींना ओढाओढ करावी लागली. अखेर बाईंनी बोटांना चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि एकेक टाचणी टिपली.

"सगळ्या निघाल्या ना गं?"

"चाळीस वर्षांत माझ्या हातून टाचणी सुटलेली नाही."

परीक्षकांसमोर डबा ऐटीत निघाला आणि निम्म्यावर खर्रकन अडला. अध्यक्षांनी वाकून पाहिले; डब्याच्या तळाला एक टाचणी राहिली होती. "कल्पना सुरेख आहे. पण खऱ्या मार्गावर असा लोखंडी कचरा अडकला, तर रोज काढणार कोण?"

लेकीचा चेहरा उतरला. मागच्या खुर्चीवरून मास्तरीणबाई, कोणी बोलावण्याची वाट न पाहता, बोटांना पट्टी गुंडाळीत पुढे आल्या. त्यांनी डबा उलटा केला, टाचणी टिपली, डबा जागेवर ठेवला. तो सरळ पलीकडे गेला.

"या कोण?"

"देखभाल विभाग," लेक म्हणाली. तिला एकाएकी सुचले होते. "गाडी सुटण्याआधी रोज असाच चिकट पट्ट्यांचा एक डबा मार्गावरून फिरवायचा, साहेब. युक्ती यांची."

"युक्ती कसली? रोजची झाडलोट ती," बाई म्हणाल्या, मान मात्र ताठ होती.

आठवड्याने निवडीचे पत्र आले. खाली अध्यक्षांचा शेरा होता : 'देखभालीचा विचार विशेष उल्लेखनीय.'

बाईंनी ते पत्र दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावले. टाचणीने नव्हे, चिकटपट्टीने.