दिघीच्या गाणेपेटीची मोहीम

श्रीखंडेराव प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, मार्गशीर्ष मास. मौजे दिघी, प्रांत पिंपरी-चिंचवड, येथे राजश्री दौलतराव व सौभाग्यवती सोजराबाई यांचे घरी गाणे कैसे बंद पडिले, आणि ते पुन्हा चालू करावयास लेक-लेकीने कैसी शर्थ केली, तो मजकूर घडला तैसा लिहिला आहे. वाचणारांस हसू आले तर खुशाल हसावे.

दौलतराव म्हणजे भोसरीच्या कारखान्यात अडतीस वर्षे पत्रा ठोकणारे प्रेस-यंत्र चालविलेले मातब्बर असामी. त्या धडधडीत कान निम्मे खर्ची पडिले आणि बोटेही आखडली. बाईसाहेबांचे डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. उभयतांस शौक एकच, की दुपारी जेवणे आटोपली म्हणजे जुना टेपरेकॉर्डर लावावा आणि चहाचे वेळेपर्यंत गाणी ऐकत बसावे. तो टेपरेकॉर्डर कार्तिकात निमाला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि याचा पट्टा आता मिळत नाही म्हणोन हात जोडिले. मग घर गप्प जाहले. उभयतांत बोलणेही कमी होत चालले.

चिरंजीव जयदीपराव चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. त्यांनी हे पाहून मोहीम मनावर घेतली आणि पहिल्या झटक्यास बोलका डबा आणविला. तोंडाने हुकूम करावा आणि गाणे वाजावे, ऐसी त्याची ख्याती. दौलतरावांनी खाकरून, अदब राखून अर्ज केला, "ओ बाई, एखादी लावणी लावा." डब्यातील बाईने नाशकाचे हवामान सांगितले. पुन्हा अर्ज केला, तो तिने उद्या पहाटे पाचचा गजर लाविला. सोजराबाई म्हणाल्या, "हिला आपलं बोलणं कळत न्हाई. माहेर लांबचं दिसतंय." दुसरे दिवशी पाच वाजता सारे घर उठून बसले, आणि तो डबा परत धाडिला.

जयदीपराव हिंमत हरणारे नव्हेत. त्यांनी मोठा तोफखाना आणिला. पाच पेट्या, एक ढोल, आणि त्रेचाळीस बटणांचा रिमोट. तोफा डागताच फळीवरची पातेली नाचू लागली, शेजारचे उद्धवराव खिडकीत आले, आणि तरी दौलतरावांस गाण्याचा शब्द म्हणोन उमजेना, नुसती धडधड. त्यातच रिमोटचे एक बटण चुकून दाबिले गेले, तो पेट्या मुक्या आणि टीव्हीचा पडदा निळा. जयदीपराव कंपनीत. ओव्हरटाइम करून सात वाजता आले, तेव्हा दोघे त्या निळ्या पडद्यासमोर बसून होते. मग तीन दिवस दौलतरावांनी रिमोटास हात लाविला नाही. बाईसाहेबांनी विचारिले की म्हणत, "ऱ्हाऊ दे. जयदीप आल्यावर लावंल."

रविवारी कन्या तनुजाबाई सांगवीहून आल्या. वयाने वडील आणि स्वभावाने करारी. मसलत बसली. जयदीपराव त्राग्याने बोलिले, "ताई, तीनदा समजावून सांगितलं. आबांना मशीन जमतच नाही."

दौलतरावांनी ते नेमके ऐकिले. रागे भरले नाहीत. खाली पाहून म्हणाले, "मशीन जमत न्हाई असं न्हाई रं. अडतीस वर्सं चालवली की. पर तिथं बटण दाबलं की काय हुईल ते ठाव असायचं."

या एका वाक्याने जयदीपरावांची पुरती शिकस्त जाहली. "चुकलंच माझं," म्हणोन ते उठले आणि रिक्षा आणविली, आणि चौघे चिंचवडास गाणेपेट्यांच्या दुकानी कूच करिते जाहले.

दुकानाचे सुभेदार वॅट, ब्लूटूथ आदिकरून दारूगोळा उधळू लागले, तो तनुजाबाईंचे फर्मान सुटले, की पेट्या मेजावर मांडाव्या आणि सर्वांनी मौन धरावे. आई-आबांनी हात लावून पाहावे, आणि जी पेटी समजावून सांगावी लागेल ती बाद. सुभेदारांचा चेहरा उतरला, परंतु पेट्या मांडिल्या.

सोजराबाईंनी डोळे मिटून बोटांनी चाचपावयास आरंभ केला. गुळगुळीत काचेची पेटी हाती येताच बाजूस सारिली. दुसरीची खुंटी फिरवू लागल्या, ती फिरतच राहिली. "हिला थांबा न्हाई," म्हणोन तीही बाद. ऐशा सहा पडिल्या. सातवी लाकडी, भाकरीच्या डब्याएवढी. एक जाड खुंटी आणि शेजारी एक मोठे बटण. खुंटी वळविली, ती 'कट्' वाजून गाणे सुरू. वळवीत गेल्या तो आवाज वाढला. उलट वळविली, 'कट्', बंद. बटण दाबिले की पुढचे गाणे. "ही समजली," बाई बोलिल्या.

मग दौलतराव पुढे सरले आणि त्यांनी आखडल्या मुठीत खुंटी धरून वळविली. सुभेदारांनी नमुन्यादाखल भरलेली कोणतीशी लावणी लागली. ते मान तिरकी करून ऐकत राहिले आणि एकाएकी ओरडिले, "तुणतुणं! सोजरा, तुणतुणं वाजतंय गं! मला वाटलं आता तुणतुणं घालतच न्हाईत गाण्यात." इतके बोलोन चष्मा पुसावयाचे मिषाने त्यांनी तोंड फिरविले. जयदीपरावांनी तात्काळ पेटी बांधावयाचा हुकूम दिला.

घरी येऊन एक लढाई उरली होती. जयदीपरावांनी पाचशे अभंग भरून पेटीत घालावयाचे कार्ड तयार ठेविले होते. सोजराबाई म्हणाल्या, "अभंग आळंदीला जाऊन ऐकती की मी. मला सिनेमातली भर." अखेर तह ठरला, की नवे कार्ड निम्मे सिनेमाचे, निम्मे लावणीचे, आणि अभंगांचे कार्ड एकादशीस.

बुधवारी जयदीपरावांची पहिली शिफ्ट. ती सुटून साडेचारास दाराशी आले आणि घंटी वाजविली. आत गाणे रंगात आले होते. फोन लाविला, तोही कोणी ऐकिला नाही. आतून आईसाहेबांचा आवाज आला, "वाढवा की वाईच!" आणि आबा हसिले, ऐसे हसणे जयदीपरावांनी वर्षभरात ऐकिले नव्हते. तेव्हा ते बूट काढून पायरीवर बसिले, आणि घंटीस पुन्हा हात न लाविता गाणी संपेतोवर तैसेच बसून राहिले. मार्गशीर्ष वद्य पक्षी मोहीम फत्ते जाहली. विजयी वीर आपुल्याच दारी अर्धा तास बाहेर होते, हे येथे दाखल केले असे.