एका नारळात बारा कॉम्प्युटर

“दिवाळीच्या आत शाळेत बारा कॉम्प्युटर चालवून दाखवीन, नाहीतर नावाचा मच्छिंद्र नाही!” गणिताच्या मच्छिंद्र सरांनी कमिटीच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली.

साल दोन हजार चार. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यानं मोडीत काढलेले बारा कॉम्प्युटर टेम्पोतून मांडवगण फराट्याला आले, तेव्हा अख्खं गाव हसलं. सर हसले नाहीत. शाळेला मिळालेला एकमेव नवा कॉम्प्युटर त्यांनी सामानाच्या खोलीत ठेवला, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स ही फुकटातली कार्यप्रणाली घातली आणि भिंतीला भोक पाडून तिथून बारा वायरी वर्गात नेल्या.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष भिमाजीआप्पा येऊन थडकले. ट्रॅक्टर स्वतः खोलणारा माणूस! त्यांनी एका कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत डोकावून पाहिलं.

“मास्तर, ह्यात हार्डडिस्क कुठाय? पुतण्या सांगतो, तोच मेंदू असतो म्हणून!”

“नाही, आप्पा. बाराही डब्यांत नाही.”

“बाराच्या बारा इकल्या?” आप्पा गरजले. “उद्या कमिटीत तुमचा निकालच लावतो!”

सर घाईघाईनं म्हणाले, “आप्पा, कारखान्यानंच काढून घेतल्यात. आणि यांना स्वतःचा मेंदू लागतच नाही. सगळ्यांचा मेंदू पलीकडच्या खोलीत आहे.”

आप्पांनी झाकण खाली ठेवलं. “म्हंजी आमच्या सोसायटीवानी! संचालक बारा, डोकं येकाचं!”

“अगदी तसंच!” म्हणत सरांनी धडाधड बारा बटणं दाबली. पडदे उजळले, अक्षरं पावसासारखी धावली, पाठोपाठ रंगीत चौकटी उमटल्या. आप्पांनी पहिल्या डब्यावर एकेक बटण हुडकत इंग्रजीत ‘भिमाजी’ लिहिलं. सरांनी ते साठवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यावर उघडून दाखवलं.

आप्पांनी टोपी काढली. “मी लिवलं तिथं, उगावलं हिथं? वायरीतनं माझं नाव चालत आलं?” आवाज एकदम देवळातला झाला. “मास्तर, त्यो मेंदू दाखवा.”

सामानाच्या खोलीत तो नवा डबा गुरगुरत होता. गरम होतो म्हणून सरांनी त्याचं झाकण उघडंच ठेवलं होतं. आप्पांनी हात जोडले. “सोजरबाई, हळदकुंकू आना! आन् नारळ!”

शाळेच्या शिपाई सोजरबाई दोन मिनिटांत दोन्ही घेऊन हजर!

“आप्पा, नारळ नको!” सर ओरडले.

“संकोच कसला करता? शाळंचा मान हाय!” म्हणत आप्पांनी उंबऱ्याच्या दगडावर नारळ आपटला. ट्रॅक्टरवाला हात तो! पाण्याची चिळकांडी थेट उघड्या डब्यात. चर्रर्र! धूर! आणि भिंतीपलीकडं बाराच्या बारा पडदे काळे!

“बारा गेलं... येका नारळात,” आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. “मास्तर, मेंदू मारला मी.”

सरांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. आतली डिस्क काढली. कोरडी होती! वर्गातला सगळ्यात जुना डबा उचलून आणला, ती त्याच्या पोटात बसवली, वायरी जोडल्या. डबा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. चौकटी उमटल्या नाहीत, रंग नाहीत, पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरपटत आली. आप्पांचं नावही शाबूत निघालं.

“मास्तर, जगलं!” आप्पा नाचतच उरलेले अकरा डबे बघायला वर्गाकडं धावले.

खोलीत सर एकटेच उरले. कारखान्यानं फेकलेला हा डबा, चौथीतल्या पोरापेक्षा वयानं मोठा, आणि अकरा जणांना पाठीवर घेऊन निघाला होता! त्यांचे हात जोडले गेले, डोळे मिटले.

“सर,” दारातून सोजरबाई म्हणाल्या, “हात जोडायचेच तर चपला तरी भाईर काढायच्या!”