विचारायचं काम पडलं, तर

सुमे, शेवटी मीच आले तुझ्या घरी. अशी जवळ बस वं, आधी कान धरू दे तुझा. मनीषनगरपर्यंत आलीस आणि मावशीचं घर सापडलं नाही म्हणून परत गेलीस? कोणाला विचारायचं तरी! आमच्या शेजारच्या मनोहरभाऊंना हे सांगितलं, तर ते तुझ्यावर नाही, गल्लीवरच चिडले. "विचाराचं काम पडलं, तं पाटी फेल!"

बाण आणि पाट्या हाच त्यांचा धंदा आणि हेच वेड. सदर भागातल्या एका दवाखान्यात स्वतः ताप अंगात घेऊन गेले, तर भिंतीवर खडूने 'डॉक्टर इकडे' लिहून मगच बाकावर बसले.

यंदा त्यांना एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. चार हॉल, रोज लग्नं. मॅनेजरला हव्या होत्या कमरेएवढ्या, नाजूक सोनेरी पाट्या. भाऊ म्हणाले, मोठ्या करा, छताला टांगा.

"काका, लूक जाते ना!"

"लूक गेला तं जाऊ द्या, माणूस हरवून राहिला ना!"

काम दुसऱ्याला देतो म्हणाला मॅनेजर. भाऊ हटले नाहीत. "लग्नाच्या दिवशी ह्या वहिनी एकट्या, कोणाले न विचारता चौथ्या हॉलात जातील. पोचल्या, तं तुमचं खरं."

म्हणजे मी! गेले ठेवणीतलं लुगडं नेसून. डेकोरेशनवाल्याने झेंडूच्या एवढ्या राशी मांडलेल्या, की सोनेरी पाट्या त्यात गडप. सनई ऐकू आली तिकडे शिरले. अक्षता टाकल्या, दोन गुलाबजाम खाल्ले. नवरीच्या आत्याने विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

"मी हॉटेलकडची," म्हटलं.

मला शोधत मॅनेजर आला, तेव्हा मी चौथ्याऐवजी दुसऱ्याच हॉलात तिसरा गुलाबजाम घेत होते. आठवड्याभरात सगळ्या पाट्या छताला लागल्या.

परवा मात्र भाऊंच्या स्वतःच्या दाराकडे लक्ष गेलं. नाव नाही, नंबर नाही.

"काहून हो भाऊ? साऱ्या जगाले पाट्या, अन् तुमचंच दार कोरं?"

ते खडू चाळवत राहिले. मग म्हणाले, "पाटी नसली तं कोणीतरी बेल वाजवते, वहिनी. हे घर कोणाचं म्हणून विचारते. बायको गेल्यापासून घरात तेवढंच बोलणं होते."

तुझ्यासाठी त्यांनी नाक्यापासून माझ्या दारापर्यंत बाण काढलेत. या रविवारीच ये, सुमे. बाण दिसतीलच. तरी आधी त्यांची बेल वाजव, आणि माझं घर कुठे ते विचार.